चार पुतळ्यांचा चौक : प्रस्तावना

सोलापुरात मोर्चा निघायचा असला की लोक बहुतेक वेळा चार पुतळ्यांपाशी जमतात. विडी वळणाऱ्या बाया, यंत्रमाग कामगार, अंगणवाडी सेविका, ऊसदरासाठी आलेले शेतकरी. पक्ष कुठलाही असो, झेंड्याचा रंग कुठलाही असो, आधी या चौघांना हार घालायचा आणि मग पूनम गेटची किंवा जिल्हाधिकारी कचेरीची वाट धरायची, असा या शहराचा रिवाज पडून गेला आहे. रिक्षावाल्याला ‘चार पुतळा’ एवढे सांगितले की पुरते. पण त्याच रिक्षात बसून चौघांची नावे विचारली तर पुष्कळदा दोनावर गाडी अडते. कधी कुर्बान हुसेन आठवतात आणि धनशेट्टी निसटतात, कधी धनशेट्टी आठवतात आणि शिंदे राहून जातात. एवढ्या प्रेमाने जपलेली जागा, आणि तिथल्या माणसांची नावे मात्र त्यांच्या संख्येमागे लपलेली. हे पुस्तक लिहिण्याचे कारण तेवढेच.

मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ रोजी पुण्याच्या येरवडा तुरुंगात या चौघांना फाशी देण्यात आली. त्यांच्या नावाचा हा चौक समजून घ्यायचा तर आधी तो जिथे आहे ती जागा समजून घ्यायला हवी, कारण सोलापूरचा फार मोठा इतिहास इथून पायी फिरता येईल एवढ्या टापूत मावलेला आहे.

एका अंगाला भुईकोट किल्ला आहे. बहमनी काळातला, दुहेरी तटांचा, एका बाजूने तलावाच्या पाण्याचा आधार घेतलेला. डोंगर नाही, कडा नाही, सपाट माळावर उभा राहिलेला हा किल्ला दोन राजघराण्यांच्या भांडणाचे कारण होऊन बसला. निजामशाही आणि आदिलशाही यांच्या सोयरिकीत तो दोनदा हुंड्यात आला. आदिलशाही राजकन्या अहमदनगरला दिली तेव्हा सोलापूर देण्याचे कबूल झाले, पण किल्ला काही हाती पडला नाही आणि त्यावरून पिढीभर लढाया झाल्या. पुढे तालिकोटच्या लढाईच्या सुमारास चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली, तेव्हा तिच्याबरोबर हाच किल्ला विजापूरकडे गेला. सीमेवरच्या गावाच्या कपाळी जे येते ते सोलापूरच्याही आले. आज इथे मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा एका गल्लीत ऐकू येतात. त्यामागे यंत्रमाग आणि गिरण्या आहेतच, पण त्यांच्याही आधी हा किल्ला आहे. मे १८१८ मध्ये जनरल मन्रोच्या फौजेने तो दुसऱ्या बाजीरावाच्या सैन्याकडून जिंकला आणि सोलापूर इंग्रजांकडे गेले. हा मे महिना वाचकाने लक्षात ठेवावा.

किल्ल्याला लागून तलाव, आणि तलावात सिद्धेश्वराचे मंदिर. सिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकातले, बसवेश्वरांच्या काळातले शरण. कानडीत वचने लिहिणारे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे लोकांना बरोबर घेऊन तळे खणवणारे. सोलापूरच्या पंचक्रोशीत त्यांनी ६८ शिवलिंगांची स्थापना केली असे मानतात. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत त्यांच्या योगदंडाशी झालेल्या कुंभारकन्येच्या विवाहाची आठवण जागवली जाते. पांढऱ्या बाराबंदीतले भक्त सात उंच नंदीध्वज पेलत शहरातून येतात, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, होम मैदानावर होम होतो. नंदीध्वजांचे मान वेगवेगळ्या समाजांकडे वाटलेले आहेत. आठशे वर्षांपूर्वीच्या एका संन्याशाने हे गाव एकत्र बांधले, असे मला मनापासून वाटते. चार पुतळ्यांची गोष्ट सांगताना मी सिद्धेश्वरापर्यंत मागे जातो ते त्यामुळे. एरवी १९३० साली एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा आणि एक मुसलमान एकाच आरोपपत्रात कसे आले, हा प्रश्न अर्धवटच सुटतो.

उरलेले अर्धे उत्तर गिरण्यांत आहे. १८६० साली रेल्वे सोलापूरला पोहोचली. १८७० च्या दशकात सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, म्हणजे आपली जुनी मिल, उभी राहिली. मग लक्ष्मी, नरसिंग गिरजी आणि विष्णू मिल आल्या. दुष्काळी खेड्यांतून, तेलंगणातून, कर्नाटकातून माणसे आली आणि भोंग्यावर उठू लागली. कामगार वस्ती एकदा वसली की तिच्यात संघटना येतात, वर्तमानपत्रे येतात, सभा होतात. कुर्बान हुसेन हे याच जगातले. मजुरांच्या चळवळीत वाढलेले, ‘गझनफर’ नावाचे पत्र चालवणारे. फासावर गेले तेव्हा त्यांनी पंचविशीही गाठली नव्हती. आता त्या गिरण्या बंद पडल्या. चादर आणि टॉवेल पूर्व भागातल्या यंत्रमागांवर निघतात, आणि गिरणगाव हा शब्द म्हाताऱ्यांच्या बोलण्यात उरला आहे. या विषयावर वेगळे पुस्तक व्हावे. इथे मी त्याला ओझरता स्पर्श करून पुढे जातो.

६ एप्रिल १९३०. दांडीच्या किनाऱ्यावर गांधीजींनी मीठ उचलले, त्याच दिवशी सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर पुण्याच्या अण्णासाहेब भोपटकरांच्या हस्ते राष्ट्रीय झेंडा चढला. मिठाचा कायदा मोडायला सोलापूरजवळ समुद्र नव्हता. ज्या इमारतीत घरपट्टी भरली जाते, जन्ममृत्यूच्या नोंदी होतात, तीच इमारत या गावाने निवडली. माझ्या मते १९३० च्या सगळ्या कहाणीतले हे सर्वांत शहाणे पाऊल होते. रस्त्यावरची गर्दी पांगवता येते, पण लोकांनी निवडून दिलेल्या सभेने कायदेशीर मार्गाने लावलेला झेंडा उतरवायचा म्हणजे सरकारला स्वतःच्याच कायद्यावर हात टाकावा लागतो.

५ मेच्या मध्यरात्री गांधीजींना अटक झाली. सोलापुरात हरताळ पडला, गिरण्या ओस पडल्या, मिरवणुका निघू लागल्या. ८ मे रोजी रूपाभवानीच्या बाजूला जमाव शिंदीची झाडे तोडायला गेला. दारूबंदीचा कार्यक्रम तेव्हा चळवळीचा भाग होता, आणि शिंदीचे झाड म्हणजे सरकारी अबकारीचे उत्पन्न. अटका झाल्या, जमाव वाढला, पोलिसांनी गोळीबार केला. शंकर शिवदारे नावाचा तरुण गोळीने पडला. सोलापूरचा तो पहिला हुतात्मा. त्यानंतर जमावाचा तोल गेला. मंगळवार पेठेतल्या पोलीस चौकीवर हल्ला झाला, दोन पोलीस मारले गेले, न्यायालयाची इमारत पेटवण्यात आली.

त्या दोन पोलिसांविषयी या शहरात फारसे कोणी बोलत नाही. मला ते बोलणे आवश्यक वाटते. तेही याच मुलखातले, पगारासाठी वर्दी घातलेले लोक होते. त्यांच्या मरणाची नोंद ठेवल्याने चौघांची उंची तसूभरही कमी होत नाही. उलट, ती नोंद गाळली की चौघांवरचा आरोप काय होता, हेच वाचकाला कळत नाही. आरोप त्या दोन हत्यांचाच होता, आणि हजारोंच्या गर्दीतून नेमके हेच चौघे कसे निवडले गेले, हा खटल्याचा मर्मबिंदू आहे.

गोळीबारानंतरचे तीन दिवस, ९ ते ११ मे, सोलापूरकर अजूनही अभिमानाने सांगतात. पोलीस शहरातून काढून घेतलेले, सरकारी अंमल जवळपास संपलेला, आणि काँग्रेसचे स्वयंसेवक रस्त्यावर रहदारी सांभाळताहेत, पहारे देताहेत. ११२ वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात ज्या इंग्रजांनी किल्ला घेतला, त्यांच्या हातून या मे महिन्यात तीन दिवस गाव सुटले होते. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारण्यात आला आणि तो ३० जूनपर्यंत चालला. झेंडा मिरवणे गुन्हा ठरला. गांधी टोपी दिसली की शिपाई ती डोक्यावरून काढायला लावीत. काँग्रेसचे रामकृष्ण जाजू, तुळशीदास जाधव आणि इतर कार्यकर्त्यांना तुरुंगात टाकले. त्या दिवसांतले धाक आणि उपहास घराघरांतून सांगितले गेले आहेत. या पुस्तकातल्या मधल्या प्रकरणांचा तोच गाभा आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करायला हवी. मार्शल लॉ देशात फक्त सोलापुरात लागला, असे भाषणांत नेहमी ऐकू येते. ते बरोबर नाही. १९१९ साली जालियनवाला बागेनंतर पंजाबात तो लागला होता आणि त्याचे अत्याचार इतिहासात नोंदलेले आहेत. सोलापूरचे वेगळेपण सिद्ध करायला ‘फक्त आम्हीच’ म्हणण्याची गरज नाही. एका गिरणीच्या गावाने सरकारला लष्कर आणायला लावले, एवढे पुरेसे मोठे आहे.

खटला चालला, शिक्षा झाली, अपील झाले, फाशी कायम राहिली. आता येरवड्याचा विचार करा. ज्या अटकेमुळे सोलापूर पेटले, त्या अटकेनंतर गांधीजींना याच येरवडा तुरुंगात ठेवले होते. चौघांना फाशी झाली तेव्हा ते तिथेच कैदेत होते. चौदा दिवसांनी, २६ जानेवारीला, त्यांची सुटका झाली. पुढे सरकारशी वाटाघाटी झाल्या, मार्चमध्ये करार झाला. सोलापूरच्या चौघांच्या वाट्याला त्यातले काहीच आले नाही. सोलापूरच्या फाशीनंतर बरोबर दहा आठवड्यांनी लाहोरला भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांना फाशी झाली आणि देशभरच्या शोकात सोलापूरची बातमी मागे पडली. सोलापूरच्या फाशीच्या महिनाभर आधी, १२ डिसेंबर १९३० रोजी, मुंबईत बाबू गेनू परदेशी कापडाच्या मोटारीखाली गेले होते. ही चारही मरणे मराठी पाठ्यपुस्तकांत आली, गाण्यांत आली. सोलापूरचे चौघे मुख्यतः सोलापूरचेच राहिले. याचा मला राग येतो, आणि तो लपवण्याचे मला कारण दिसत नाही.

आपल्या चौकाचा विचार मनात ठेवून युरोपातल्या जुन्या चौकांविषयी वाचताना प्रागच्या ओल्ड टाउन स्क्वेअरने मला थांबवले. तिथेही एका अंगाला नगरसभा आहे, दुसऱ्या अंगाला टीनचे जुळ्या मनोऱ्यांचे चर्च. नगरसभेच्या भिंतीवरचे १४१० सालचे खगोलीय घड्याळ बघायला रोज गर्दी लोटते. पण त्याच भिंतीपाशी फरशीत बसवलेले २७ पांढरे क्रूस आहेत. २१ जून १६२१ रोजी हाब्सबर्ग बादशहाविरुद्धच्या बंडातल्या २७ जणांना तिथे, भर चौकात, ठार मारण्यात आले. त्यांत सरदार होते, शूर शिलेदार होते, साधे नागरिक होते. बहुतेक प्रॉटेस्टंट, पण एक कॅथलिकही होता. बारा जणांची डोकी पुलाच्या बुरुजावर दहा वर्षे टांगून ठेवली. सगळ्यांनी बघावे म्हणून मुद्दाम.

सोलापूरच्या चौघांना मारताना असे दाखवायचे काही नव्हते. त्यांचा तुरुंग अडीचशे किलोमीटर दूर, भिंती उंच. तीनशे वर्षांत राजसत्ता उघड्यावरून भिंतीआड गेली. म्हणून जिथे ते मेले तिथे क्रूस बसवता येत नाहीत. चौकाला ती माणसे परत आणावी लागतात. प्रागच्याच चौकात त्याचेही उदाहरण आहे. यान हुस या सुधारकाला ६ जुलै १४१५ रोजी दूर कॉन्स्टान्स शहरी जिवंत जाळले, आणि राख ऱ्हाईन नदीत टाकली. पाचशे वर्षांनी, १९१५ साली, त्याचे स्मारक या चौकात उभे राहिले. ऑस्ट्रियाच्या सत्तेला ते रुचणारे नव्हते, म्हणून समारंभ न होताच ते खुले झाले, आणि लोकांनी ते फुलांनी झाकून टाकले. माणूस जिथे मेला तिथे नाही, तर ज्यांचा होता त्यांच्यात उभा केला, हे नाते प्राग आणि सोलापूर या दोघांत सारखे आहे.

पण एक फरक आहे, आणि मला सांगायचे आहे ते त्या फरकात. प्रागच्या नगरसभेच्या भिंतीवर एका फलकावर सत्तावीसही नावे लिहिलेली आहेत. त्या फलकापाशी थांबून माणसे नावे वाचतात. आपल्याकडे संख्या सगळे गिळून टाकते. मुंबईच्या हुतात्मा चौकातही तेच. संयुक्त महाराष्ट्रासाठी गोळ्या झेलणाऱ्यांची संख्या मुलांना पाठ असते, त्यांतले एक नाव सांगा म्हटले की घर शांत. सोलापुरात मल्लप्पा, श्रीकिसन, जगन्नाथ आणि कुर्बान यांचे मिळून ‘चार पुतळे’ झाले. हे चौघे आयुष्यात एक गट म्हणून जगले नव्हते. धनशेट्टी काँग्रेसचे कार्यकर्ते, कुर्बान हुसेन मजुरांच्या चळवळीतले. सारडा आणि शिंदे आपापल्या वस्तीतून, आपापल्या कामातून आलेले. त्यांना एका ओळीत बसवले ते फिर्यादीने. आरोपपत्राने केलेली ही जोडणी शहराने मात्र स्वीकारली आणि तिला वेगळा अर्थ दिला. पुतळे शेजारी शेजारी उभे केले. एकाला मोठे केले नाही, दुसऱ्याला मागे ठेवले नाही. जातीचा, धर्माचा हिशेब न करता चौघांचे स्थान सारखे ठेवले. आजच्या दिवसांत कुठल्याही शहराला ही गोष्ट सहज जमेल, असे मला वाटत नाही, म्हणून सोलापूरच्या त्या निर्णयाचे मोल मी फार मानतो.

या चौकाभोवती आता काय काय आहे, हे थोडक्यात सांगतो, कारण सविस्तर वर्णन पुढे येणार आहे. किल्ल्याच्या अंगाला हुतात्मा बाग. जिल्हा परिषद आणि तिचे पूनम गेट, जिथे उपोषणांचे मांडव हटत नाहीत. पार्क मैदान, म्हणजे इंदिरा गांधी स्टेडियम. पार्क चौक, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर चौक. तिथला हुतात्मा स्मृती मंदिराचा रंगमंच, जिथे सोलापूरकर नाटके बघतात. महापालिकेचे इंद्रभुवन, आप्पासाहेब वारदांनी बांधवलेली देखणी वास्तू. रेल्वेलाही या चौघांची आठवण राहिली आहे. पुणे आणि सोलापूर यांच्यामध्ये धावणारी हुतात्मा एक्सप्रेस त्यांच्याच नावाची. पहाटे ‘हुतात्मा’ पकडून पुण्याला नोकरीच्या मुलाखतीला जाणारी पोरे ज्या दिशेने जातात, त्याच दिशेने चौघांना नेले होते. या गाडीत चौघांची नावे लिहिलेला एक फलक असावा, असे मला वाटते.

चौक म्हणून मात्र जागेचे हाल होतात. माणसाने पुतळ्यांपर्यंत चालत जावे, चौथऱ्यावरचा मजकूर वाचावा, थोडा वेळ बसावे, एवढी सोय रहदारी ठेवत नाही. प्रागच्या चौकातून मोटारी बाहेर काढल्या आहेत. आपल्याला तसे लगेच जमणार नाही, हे खरे. पण रस्ता ओलांडायला सुरक्षित वाट, सावली, आणि चौघांविषयी मराठी, कानडी, तेलुगू व उर्दू या चारही भाषांत लिहिलेले चार फलक, एवढे नक्कीच करता येईल. ही मागणी मी प्रस्तावनेत करतो आहे, कारण पुस्तकाच्या शेवटच्या पानापर्यंत सगळेच वाचक पोहोचतात असे नाही.

दरवर्षी १२ जानेवारीला इथे हार घालतात. त्या दिवशी राज्यभर जिजाऊंची आणि विवेकानंदांची जयंती असते, त्यामुळे वृत्तपत्रांत सोलापूरच्या चौघांना जागा कमी मिळते. पण सोलापुरात त्या सुमारास गाव आधीच जागे झालेले असते. नंदीध्वजांची तयारी सुरू असते, होम मैदानावर गड्ड्याची दुकाने लागलेली असतात. एक-दोन दिवसांनीच अक्षता. १९३१ साली यात्रेच्या तोंडावर फाशीची बातमी आली तेव्हा इथल्या घरांत काय झाले असेल, हे समजून घ्यायला मी यात्रेवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे.

पुस्तकाची रचना चालत जाण्याच्या वाटेने केली आहे. किल्ला आणि तलाव, मग मिलची चाळ, मग रूपाभवानी, मंगळवार पेठ, न्यायालय, आणि तिथून येरवडा. त्यानंतर पुन्हा चौक. चौघांवर मात्र एकत्र प्रकरण लिहिलेले नाही. प्रत्येकाचे वेगळे, त्याच्या नावाने. प्रकरणांचा क्रम वयाने किंवा जातीने लावण्याऐवजी मराठी वर्णमालेने लावला आहे, म्हणजे कोणी कोणाच्या पुढे किंवा मागे का, हा प्रश्न उरू नये. त्या हिशेबाने पहिले नाव कुर्बान हुसेन यांचे येते.